डोळ्याचा पडदा बसविल्यानंतर : शस्त्रक्रियेनंतरची दक्षता

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता खेड्यापाड्यांतील लोकांच्या चांगल्या परिचयाची झाली आहे. रुग्ण सकाळी शिबिरात जातो, शस्त्रक्रिया होते, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि बहुतेकांना त्याच दिवसापासून पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसू लागते. या सुखद अनुभवामुळे डोळ्याची कोणतीही शस्त्रक्रिया अशीच असते, अशी समजूत सर्वसाधारणपणे रूढ झाली आहे. डोळ्याच्या आतील पडदा सुटल्यावर करावी लागणारी शस्त्रक्रिया मात्र या समजुतीत बसत नाही. पट्टी निघाल्यावर रुग्णाला कित्येकदा पूर्वीपेक्षाही कमी दिसते. त्याला दिवसदिवस मान खाली घालून राहण्यास सांगितले जाते, अमुक काळ विमानात बसू नये व घाट चढू नये असे बजावले जाते, आणि काही महिन्यांनी पुन्हा एकदा शस्त्रक्रियेसाठी बोलावले जाते. यामागील कारणे माहीत नसल्यामुळे अनेक कुटुंबे या सूचना सैलपणे घेतात आणि मोठ्या कष्टाने व खर्चाने वाचविलेला डोळा धोक्यात येतो. शस्त्रवैद्य पडदा जागेवर बसवितो. तो तेथे टिकावा यासाठीची पुष्कळशी दक्षता पुढील दोन-तीन महिन्यांत रुग्णाच्या घरी घ्यावी लागते. म्हणूनच या दक्षतेची माहिती रुग्णाबरोबरच त्याच्या सभोवतालच्या जाणत्या व्यक्तींनाही असणे आवश्यक आहे.

पडदा सुटतो म्हणजे काय होते?

डोळ्याच्या आतील बाजूस, भिंतीला अस्तर असावे त्याप्रमाणे, एक अत्यंत पातळ व नाजूक पापुद्रा असतो. त्यास दृष्टिपटल म्हणतात. बाहेरील वस्तूंची प्रतिमा या पटलावर उमटते व तेथून ती दृष्टिचेतेमार्फत मेंदूकडे जाते. पटलाच्या मध्यभागी असलेला पीतबिंदू हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. वाचन, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही सूक्ष्म कामे त्याच्यामुळे होतात. डोळ्याची पोकळी काचाभ द्रव नावाच्या पारदर्शक व घट्टसर पदार्थाने भरलेली असते.

वय वाढते तसा हा द्रव पातळ होऊन आकसतो व पटलापासून सुटा होतो. बहुतेकांच्या बाबतीत यातून काहीच बिघडत नाही. परंतु काहींच्या पटलाला या ओढीमुळे फट पडते. त्या फटीतून पातळ द्रव पटलाच्या मागे शिरतो आणि भिंतीवरील ओला कागद सुटावा तसे पटल भिंतीपासून सुटत जाते. भिंतीकडून मिळणारे पोषण तुटल्यामुळे सुटलेला भाग काम करीनासा होतो. मोठ्या उणे क्रमांकाचा चष्मा असलेल्या व्यक्ती, पूर्वी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, डोळ्याला जोराचा मार लागलेले लोक आणि ज्यांच्या घराण्यात ही व्याधी आहे असे लोक यांना हा धोका अधिक असतो. मधुमेहामुळे पटलावर निर्माण होणाऱ्या जाळ्यांच्या ओढीनेही पटल सुटू शकते.

या व्याधीत डोळा दुखत नाही व लालही होत नाही. डोळ्यापुढे अचानक पुष्कळ काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागणे, अंधारात वीज चमकल्याचा भास होणे, आणि एखाद्या बाजूने काळा पडदा सरकत आल्यासारखे वाटणे ही तिची लक्षणे होत. पीतबिंदू सुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली, तर दृष्टी बव्हंशी पूर्ववत राहू शकते. म्हणून ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जाणे इष्ट ठरते.

असाध्य व्याधी साध्य झाली

शंभर वर्षांपूर्वी पटल सुटलेला डोळा गेलाच असे समजले जाई. रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निश्चल पडून राहण्यास सांगण्यापलीकडे वैद्यकाच्या हाती फारसे काही नव्हते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी पटलाची फट हेच या व्याधीचे मूळ असून ती फट बंद केली, तरच पटल बसते, हे १९२० नंतरच्या दशकात सिद्ध करून दाखविले. १९४९ साली जर्मनीतील अर्न्स्ट कस्टोडिस यांनी डोळ्याच्या भिंतीवर बाहेरून आधार शिवण्याची पद्धत अवलंबिली. पुढे अमेरिकेतील बोस्टन येथे चार्ल्स शेपेन्स यांनी तिचा विकास केला. १९७० च्या सुमारास मायामी येथे रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्याच्या आत सूक्ष्म उपकरणे घालून काचाभ द्रव काढून टाकण्याची, म्हणजे व्हिट्रेक्टॉमीची, पद्धत रूढ केली.

या सर्व प्रयत्नांचे फलित म्हणून आज फटीमुळे सुटलेले पटल दहापैकी साधारणपणे आठ ते नऊ रुग्णांत पहिल्याच शस्त्रक्रियेने जागेवर बसते. उरलेल्यांपैकी बहुतेकांना पुन्हा शस्त्रक्रिया करून यश मिळते. तथापि गोनँ यांचे तत्त्व आजही तेच आहे : फट बंद झाली पाहिजे आणि ती बंदच राहिली पाहिजे. शस्त्रक्रियेनंतरच्या बहुतेक सूचनांचा उगम या एका वाक्यात आहे.

शस्त्रक्रियेत काय केले जाते?

मुख्यत्वे तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बाहेरून सिलिकॉनचा पट्टा शिवतात. त्यामुळे भिंत आत दबून फटीला टेकते. दुसऱ्या पद्धतीत काचाभ द्रव काढून त्या जागी विशिष्ट वायू किंवा सिलिकॉनचे तेल भरतात. तिसऱ्या पद्धतीत, निवडक रुग्णांच्या बाबतीत, केवळ वायूचा बुडबुडा डोळ्यात सोडतात. तिन्ही पद्धतींत फटीच्या कडेला लेसर किरणांनी किंवा अतिथंड सळईने हलकासा व्रण निर्माण करतात. हा व्रण भरून येताना पटल भिंतीला चिकटते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा चिकटपणा शस्त्रक्रियेच्या टेबलावर येत नाही. तो पक्का होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर फट दाबून धरण्याचे काम वायूला, तेलाला किंवा पट्ट्याला करावे लागते. ओल्या गिलाव्याला आधार देणाऱ्या फळीसारखे हे काम आहे. फळी वेळेपूर्वी हलली, तर गिलावा सुटणार हे उघड आहे.

मान खाली का घालावयाची?

वायू हलका असल्यामुळे डोळ्यात नेहमी वरच्या बाजूस जातो. गवंड्याच्या पाणसळीतील बुडबुडा जसा उंच बाजूकडे सरकतो, तसाच हा बुडबुडा सरकतो. पटल डोळ्याच्या मागील भिंतीवर असते. मान खाली घातली की मागील भिंत वर येते व बुडबुडा तिला टेकतो. रुग्ण उताणा झोपला, तर तोच बुडबुडा पुढे येऊन भिंगाला व बुबुळाला टेकतो. फटीचा आधार निघतो, भिंग गढूळ होण्याची शक्यता वाढते आणि डोळ्यातील पाण्याचा मार्ग अडून दाब वाढू शकतो. तेव्हा वायू डोळ्यात असेतोवर उताणे झोपू नये, हा नियम बहुतेक सर्वांना लागू आहे.

मात्र प्रत्येकाने पालथेच झोपावे असे नाही. फट वरच्या बाजूस असेल, तर ताठ बसणे पुरते. फट उजव्या किंवा डाव्या अंगास असेल, तर विरुद्ध कुशीवर झोपण्यास सांगतात. त्यामुळे शेजारच्या रुग्णाला सांगितलेली स्थिती आपल्यालाही लागू आहे असे समजू नये. कोणती स्थिती, दिवसातून किती तास व किती दिवस, या तीन गोष्टी रुग्णालय सोडण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात आणि तो कागद घरातील सर्वांना वाचून दाखवावा.

ही स्थिती सांभाळणे वाटते तितके सोपे नाही. पहिल्या दिवशीचा उत्साह तिसऱ्या दिवशी मान व पाठ दुखू लागल्यावर मावळतो. म्हणून सोय आधीच करून ठेवावी. टेबलावर उशी ठेवून तीवर कपाळ टेकवून बसता येते. जमिनीवर झोपताना घड्या घातलेल्या दोन गोधड्यांमध्ये चेहऱ्यापुरती मोकळी जागा ठेवावी. उशीचा भार कपाळावर व गालांवर यावा, डोळ्यावर मुळीच येऊ नये. कोपरांवर फार वेळ भार देऊ नये, कारण त्यामुळे करंगळीकडील बोटांना मुंग्या येऊन शीर दबू शकते. डॉक्टरांनी अनुमती दिल्याप्रमाणे दर तासाला काही मिनिटे उठावे, मान खालीच ठेवून चालावे आणि पाय हलवावेत. दीर्घकाळ निश्चल पडून राहणाऱ्या वृद्धांच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा संभव असतो. जेवण, स्नान व शौच यांसाठी उठण्यास सामान्यतः हरकत नसते. दमा किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णाने आपली अडचण शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितली, तर डॉक्टरांना अन्य उपाय योजता येतो.

वायू, विमान आणि घाट

डोळ्यात भरलेला वायू आपोआप विरघळून नाहीसा होतो. साधी हवा सुमारे आठवड्यात जाते, सल्फर हेक्साफ्लुओराईड हा वायू साधारण दोन ते तीन आठवड्यांत, तर परफ्लुओरोप्रोपेन हा वायू सहा ते आठ आठवड्यांत जातो. या काळात रुग्णाला प्रथम फक्त हात हलल्याची जाणीव होते. पुढे वरच्या बाजूने स्पष्ट दिसू लागते आणि खाली पाण्याच्या पातळीसारखी एक हलती रेषा दिसते. ती रेषा दिवसेंदिवस खाली जाते व अखेरीस लहानसा गोल बुडबुडा उरून तोही नाहीसा होतो. हे न सांगितल्यामुळे अनेक रुग्ण पहिल्याच आठवड्यात शस्त्रक्रिया फसली असे समजून निराश होतात आणि नेमक्या महत्त्वाच्या दिवसांत सूचना पाळणे सोडून देतात.

बाहेरील हवेचा दाब कमी झाला की वायू प्रसरण पावतो, हा शाळेत शिकविला जाणारा नियम येथे अक्षरशः लागू पडतो. विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असावा तेवढाच असतो. अशा ठिकाणी डोळ्यातील वायू फुगून आतील दाब एकाएकी वाढतो, तीव्र वेदना होतात आणि पटलाचा रक्तपुरवठा बंद पडून दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून वायूचा शेवटचा थेंबही नाहीसा झाल्याची डॉक्टरांनी खात्री करून देईपर्यंत विमानप्रवास पूर्णतः वर्ज्य आहे.

महाराष्ट्रातील रुग्णांच्या दृष्टीने रस्त्याचा प्रवासही विचारात घेण्याजोगा आहे. मुंबईत किंवा कोकणपट्टीत शस्त्रक्रिया झालेला रुग्ण देशावर परतताना सह्याद्रीचा घाट चढतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर असून तेथे हवेचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. पुणे किंवा नाशिक इतके उंच नसले, तरी डोळा वायूने पूर्ण भरलेला असताना तेवढी चढणही काहींना त्रासदायक ठरू शकते. तेव्हा आपले गाव कोठे आहे व तेथे कोणत्या घाटाने जावे लागते, हे रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे. त्यानुसार वायूऐवजी तेल वापरणे किंवा काही दिवस घाटाखालीच मुक्काम करणे, याचा निर्णय घेता येतो. प्रवासात डोळा दुखू लागला, मळमळ सुरू झाली किंवा दृष्टी अंधारली, तर तसेच पुढे न जाता सखल भागाकडे परतावे व जवळच्या नेत्रतज्ज्ञास गाठावे.

याच काळात अपघातामुळे, बाळंतपणामुळे किंवा अन्य कारणाने दुसरी शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तर डोळ्यात वायू असल्याचे भूलतज्ज्ञास सांगणे अत्यावश्यक आहे. भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साईड वायू डोळ्यातील बुडबुड्यात शिरून त्याला झपाट्याने फुगवितो. बेशुद्ध रुग्ण स्वतः सांगू शकत नाही. यासाठी वायू असल्याची सूचना देणारी पट्टी मनगटावर बांधण्याची चांगली प्रथा अनेक रुग्णालयांत आहे. ती पट्टी वायू जाईपर्यंत काढू नये. बुडबुडा असेतोवर अंतराचा अंदाज नीट येत नाही, म्हणून वाहनही चालवू नये.

तेल ही उसनवारी होय

ज्या रुग्णांना मान खाली ठेवणे शक्य नाही, ज्यांना उंचावर जाणे भाग आहे, किंवा ज्यांचे पटल फार गुंतागुंतीच्या रीतीने सुटले आहे, अशांच्या डोळ्यात सिलिकॉनचे तेल घालतात. तेल असताना विमानप्रवास करता येतो व घाटही चढता येतो. परंतु वायू जसा आपोआप जातो तसे तेल जात नाही. पटल स्थिर झाल्यावर, सर्वसाधारणपणे तीन ते सहा महिन्यांत, ते दुसऱ्या लहान शस्त्रक्रियेने काढावे लागते. काही मोजक्या डोळ्यांतच ते कायम ठेवण्याचा निर्णय डॉक्टर घेतात.

आपल्याकडे सर्वांत अधिक हयगय होते ती येथे. तेल घातलेला डोळा दुखत नाही, काहीसे दिसतही असते, पेरणीचे किंवा सुगीचे दिवस असतात, पुन्हा शहरात जाण्याचा खर्च डोळ्यांपुढे उभा राहतो आणि तेल काढण्याची तारीख निघून जाते. दरम्यान तेलाचे बारीक थेंब सुटू लागतात. ते डोळ्यातील पाणी बाहेर जाण्याच्या सूक्ष्म वाटा अडवितात व दाब वाढून काचबिंदू होतो. तेल पुढील भागात आले, तर पारपटल पांढुरके होते. मोतीबिंदूही लवकर वाढतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. पटल जागेवर व्यवस्थित बसलेले असूनही केवळ तेल वेळेवर न काढल्यामुळे डोळा निकामी व्हावा, यासारखे टाळता येण्याजोगे नुकसान दुसरे नाही.

तेल असताना चष्म्याचा क्रमांक बराच बदलतो. अशा वेळी दिसणारी अंधुकता ही अंतिम दृष्टी समजू नये. कायमचा चष्मा तेल काढल्यानंतर काही आठवड्यांनी करावा.

दाब, जंतुसंसर्ग आणि औषधाचे थेंब

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत डोळा खुपणे, थोडा लाल असणे व पाणी येणे स्वाभाविक आहे. हा त्रास दररोज थोडाथोडा कमी व्हावयास हवा. तो कमी होण्याऐवजी वाढू लागला, तर धोका ओळखावा. डोळा व कपाळ ठणकणे, ओकाऱ्या होणे ही वाढलेल्या दाबाची लक्षणे असू शकतात. पित्त झाले असे समजून घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. वाढती वेदना, पापणीला सूज, पू किंवा घाण येणे व दृष्टी झपाट्याने मंदावणे ही जंतुसंसर्गाची चिन्हे होत. असा संसर्ग क्वचितच होतो. परंतु झालाच तर काही तासांचा विलंबही महाग पडतो.

संसर्ग टाळण्याचे उपाय साधे आहेत. थेंब घालण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. खालची पापणी हलकेच ओढून एकच थेंब घालावा. बाटलीचे टोक डोळ्याला, पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नये. दोन निरनिराळ्या औषधांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. उघडलेली बाटली महिन्यानंतर वापरू नये व एकाची बाटली दुसऱ्याने घेऊ नये. डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून स्नान करू नये, विहिरीत वा नदीत पोहू नये, धूळ व धूर यांपासून डोळा जपावा, रात्री डोळ्यावर संरक्षक कवच लावावे. मध, एरंडेल, गुलाबपाणी, दूध, तुरटीचे पाणी किंवा काजळ यांपैकी काहीही शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात घालू नये.

थेंबांमधील स्टिरॉईड हे औषध सूज कमी करते. ते एकदम बंद केल्यास सूज उलटते व सांगितल्यापेक्षा अधिक दिवस घातल्यास काही जणांच्या डोळ्यातील दाब वाढतो. म्हणून ‘मागच्या वेळी या थेंबांनी आराम पडला’ या भरवशावर दुकानातून पुन्हा तीच बाटली आणणे धोक्याचे आहे. मधुमेह व रक्तदाब यांची औषधे या काळात मुळीच चुकवू नयेत.

पटल पुन्हा सुटणे

या शस्त्रक्रियेचे यश हिरावून घेणारे मुख्य कारण म्हणजे पटलावर निर्माण होणारी चिवट जाळी. जखम भरताना त्वचेवर जसा व्रण आकसतो, त्याचप्रमाणे काही डोळ्यांत पटलाच्या पृष्ठभागावर पेशींचे पापुद्रे तयार होतात व आकसून पटल पुन्हा ओढून काढतात. फटीमुळे पटल सुटलेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पाच ते दहा जणांत असे होते आणि ते बहुधा पहिल्या तीन महिन्यांत घडते. याकरिता पहिल्या दिवशी, पहिल्या आठवड्यात व त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी होणारी तपासणी औपचारिक समजू नये.

ही जाळी पूर्णपणे रोखणारे औषध आजही उपलब्ध नाही. रुग्णाने सर्व सूचना पाळूनही ती होऊ शकते. अशा वेळी ‘पथ्य पाळले नाही’ असा दोष रुग्णाला देणे अन्यायाचे आहे. त्याच्या हाती एक गोष्ट निश्चितपणे असते : डोळ्यापुढे पुन्हा पडदा येऊ लागताच, किंवा ठिपके व चमक नव्याने दिसू लागताच, ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठणे.

काही परिणाम मात्र अपेक्षितच असतात व त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. व्हिट्रेक्टॉमीनंतर पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या डोळ्यात, पूर्वी भिंग बदललेले नसल्यास, दोन वर्षांच्या आत मोतीबिंदू वाढतो. तो नेहमीच्या शस्त्रक्रियेने काढता येतो. पट्टा शिवल्यानंतर उणे क्रमांक वाढतो, क्वचित एकाची दोन दिसतात. पीतबिंदू सुटल्यानंतर शस्त्रक्रिया झाली असल्यास दृष्टी सावकाश, कित्येक महिने सुधारत राहते. परंतु ती पूर्वीइतकी होईलच असे नाही. ही मर्यादा रुग्णाला आधीच समजली, तर त्याचा धीर टिकतो.

दुसऱ्या डोळ्याचे काय?

एका डोळ्याचे पटल सुटलेल्या व्यक्तीच्या दुसऱ्या डोळ्यालाही सामान्य माणसापेक्षा अधिक धोका असतो. प्रत्येक भेटीत दुसऱ्या डोळ्याचीही बाहुली मोठी करून तपासणी करून घ्यावी. पटल सुटण्यापूर्वी फट आढळली, तर ती लेसर किरणांनी बंद करता येते व मोठी शस्त्रक्रिया टळू शकते. रुग्णाने आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून दुसऱ्याने समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिका पाहण्याची सवय ठेवावी. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याचा बिघाड कित्येक दिवस लक्षात येत नाही.

गाव, शाळा आणि कार्यालय यांची जबाबदारी

पथ्य रुग्णाने पाळावयाचे असले, तरी ते पाळण्याची परिस्थिती इतरांनी निर्माण करावयाची असते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबात कमावत्या माणसाने आठवडाभर मान खाली घालून बसणे म्हणजे आठवडाभराची चूल अडणे होय. वाकून लावणी करणे, ओझे उचलणे, विटा वाहणे ही कामे काही आठवडे बंद ठेवावी लागतात. या काळात शेतीच्या कामाला हात लावणे, औषधाचे थेंब घालण्यास कोणी नसेल तर आशा कार्यकर्तीला सांगणे आणि तपासणीच्या दिवशी सोबत देणे, एवढे शेजाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी मनावर घेतले, तर मोठे काम होईल. प्रवासखर्चाच्या दृष्टीने, २०२२ साली ७५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना एस.टी.तून विनामूल्य प्रवासाची आणि २०२३ साली महिलांना निम्म्या भाड्याची सवलत राज्याने लागू केली, हे रुग्णांच्या निदर्शनास आणावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणते उपचार मिळतात व तेल काढण्याची शस्त्रक्रिया त्यांत बसते का, याची चौकशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळीच करून ठेवावी. ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे रुग्णाचे कागद दाखवून ठेवल्यास अडचणीच्या वेळी जवळचा सल्ला मिळू शकतो.

कार्यालयप्रमुखांच्या बाबतीत रजेचा प्रश्न येतो. असा कर्मचारी हिंडताफिरता असतो, त्याचा डोळाही काही दिवसांनी वरून चांगला दिसतो. त्यामुळे त्याची रजा अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. वायू असलेल्या कर्मचाऱ्याला वाहन चालविण्याचे, उंचावरील ठिकाणी दौऱ्याचे किंवा अवजड काम देणे त्याच्या दृष्टीला धोक्याचे आहे, हे रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने ध्यानात ठेवावे. तपासणीच्या तारखांना कामामुळे अडवणूक होऊ नये.

शिक्षकांची भूमिका विशेष महत्त्वाची आहे. मुलांचे पटल बहुधा मार लागल्याने किंवा मोठ्या उणे क्रमांकामुळे सुटते. विटीदांडूची विटी, क्रिकेटचा चेंडू, फटाका किंवा ठोसा लागल्यानंतर डोळा वरून बरा दिसला, तरी तो तपासून घ्यावा. मुले एका डोळ्याने कमी दिसत असल्याची तक्रार सहसा करीत नाहीत. शस्त्रक्रिया झालेला विद्यार्थी शाळेत परतल्यावर त्याला डॉक्टरांनी अनुमती देईपर्यंत कबड्डी, कुस्ती, कवायत यांतून मोकळीक द्यावी, पुढच्या बाकावर बसवावे व खेळाच्या तासाला तो एकाकी पडणार नाही याकडे लक्ष द्यावे. वाचनाने पटल सुटते ही समजूत निराधार आहे. डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल, तर त्याचा अभ्यास बंद करण्याचे कारण नाही.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. डोके व मान कोणत्या स्थितीत, किती तास व किती दिवस ठेवावी, हे लेखी घ्यावे. वायू असेपर्यंत उताणे झोपू नये.

२. वायू पूर्ण जाईपर्यंत विमानप्रवास करू नये. घाट चढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मनगटावरील पट्टी काढू नये.

३. तेल घातले असल्यास ते काढण्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर त्याच दिवशी लिहून ठेवावी.

४. थेंब सांगितले तितकेच व सांगितले तितकेच दिवस घालावेत. घरगुती औषध डोळ्यात घालू नये.

५. वाढती वेदना, ओकारी, पू, घटती दृष्टी, नवे ठिपके, चमक किंवा पडदा, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

६. दुसऱ्या डोळ्याची तपासणी चुकवू नये.

देशात १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमामुळे मोतीबिंदूविषयी गावोगाव जागृती झाली. शिबिराची तारीख कोणाला सांगावी, रुग्णाला कोणी न्यावे, हे आता गावाला कोणी शिकवावे लागत नाही. दृष्टिपटलाच्या रुग्णांची संख्या त्या मानाने थोडी आहे. गावात असा एखादाच रुग्ण असतो आणि त्यामुळेच त्याला मार्ग दाखविणारा अनुभवी शेजारी मिळत नाही. गावातील शिक्षक, पंचायत सदस्य किंवा एखादा अधिकारी यांना ही माहिती असली, तर ती उणीव भरून निघेल आणि पहिल्या आठवड्यात धीर सोडू पाहणाऱ्या किंवा तेल काढण्याची तारीख विसरलेल्या रुग्णाला वेळीच रुग्णालयाकडे वळविता येईल.